नव्व्याण्णव टक्क्यांचं ग्रहण

टक्क्यांपुढे मी लहानपणापासून नमतो. एस.एस.सी.ला मला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, आणि पेढा हातावर ठेवता ठेवता प्रत्येकाला हेही सांगितलं की मागच्या गल्लीतल्या मुलाला चौऱ्याऐंशी आहेत. तेव्हापासून नव्वदीच्या पुढचा कुठलाही आकडा दिसला की मी मनातल्या मनात उभा राहतो. नव्व्याण्णव तर मला कधी कुणी दिलेच नाहीत. त्यामुळे १९९९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रातल्या एका तक्त्यात एक्सेटर शहरासमोर 'नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक' असं छापलेलं दिसलं, तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि फोन उचलला. पुढचा सगळा घोळ त्या फोनचा.

तक्ता सूर्यग्रहणाचा होता. त्या ऑगस्टमध्ये खग्रास ग्रहणाची सावली समुद्रावरून येऊन कॉर्नवॉल आणि डेव्हनचा दक्षिणेकडचा थोडा भाग ओलांडून पुढे फ्रान्सकडे जाणार होती. बाकीच्या ब्रिटनला खंडग्रासावर भागवायचं होतं. आम्ही राहायला कॉव्हेंट्रीला. तिथल्या एका हॉस्पिटलात मी डोळ्यांचा डॉक्टर होतो.

आता खोटं कशाला बोलू, ग्रहण बघायची हौस माझी नव्हती. हौस माझ्या सासऱ्यांची, अप्पांची. त्यांनी कऱ्हाडकडच्या एका शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. खग्रास म्हणजे काय, खंडग्रास म्हणजे काय, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही, पण खग्रास ग्रहण स्वतः एकदाही पाहिलेलं नव्हतं. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत ते कर्नाटकातून गेलं. हे नववीच्या मुलांना एस.टी.ने घेऊन जाणार होते. पालक म्हणाले, ग्रहणात आमची पोरं उंबऱ्याबाहेर पडणार नाहीत. सहल रद्द झाली आणि मुलांना नाही म्हटल्यावर आपण एकट्यानं जाणं यांना बरं दिसेना. पुढे पंच्याण्णव साली ते उत्तरेकडून गेलं, राजस्थान, आग्रा, त्या पट्ट्यातून. "तेव्हाही राहून गेलं," एवढंच ते एकदा म्हणाले होते. कसं राहून गेलं हे मी विचारलं नाही. मला वाटतं मी त्या वेळी टीव्हीवर क्रिकेट बघत होतो.

नव्व्याण्णव साली ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते तीन महिने आमच्याकडे राहायला आले होते. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं नेला होता. डावा आम्ही थेंबांवर धरून ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ ते थेंब मी घालायचो. तेवढा एक कार्यक्रम आमच्या दोघांच्यात नियमित होता. डाव्या डोळ्यालाही आता कडेचं कमी दिसत होतं. पुढचं जवळपासचं खग्रास ग्रहण येईपर्यंत त्या डोळ्यात काय शिल्लक असेल, याचा अंदाज मला होता. त्यांनाही असावा. आम्ही त्यावर बोललो नव्हतो. हे ग्रहण त्यांना दिसलं तर दिसलं, एवढं दोघांनाही कळत होतं.

बोललो नव्हतो, कारण मी जावई. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी ते मला 'डॉक्टर' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मी खोलीत आलो की उठायला लागायचे. एकदा त्यांना लेक डिस्ट्रिक्ट दाखवायला निघालो आणि मोटरवेवर मी चक्क उलट्या दिशेला लागलो. भूगोलाचा शिक्षक शेजारच्या सीटवर, समोर लख्ख सूर्य. आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला चाललोय हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं असणार. लंडन तीस मैल अशी पाटी येईपर्यंत त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मी गाडी वळवली तेव्हा म्हणाले, "हाही भाग बघायचा होताच." मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

असो. तर फोन मी एक्सेटरच्या उत्तरेला असलेल्या एका खेड्यातल्या बी अँड बीला केला. एका बाईंचं घर, दोन खोल्या, मागे बाग. त्या उन्हाळ्यात पेपरवाल्यांनी सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं. कॉर्नवॉलचे रस्ते तुंबणार, पेट्रोल संपणार, ब्रेड संपणार, शौचालयांसमोर रांगा लागणार. मी सावध माणूस. गर्दीच्या अलीकडे थांबायचं, निवांत बघायचं आणि सगळे अडकायच्या आत परत फिरायचं. गर्दी शून्य आणि ग्रहण नव्व्याण्णव टक्के. ही बातमी मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केली.

सासऱ्यांचा घास हातात राहिला. "किती म्हणालात, डॉक्टर?"

"नव्व्याण्णव. वर थोडं."

"अस्सं." त्यांनी घास खाल्ला. मग म्हणाले, "छान आहे. लोणचं देता का जरा?"

मी लोणचं दिलं. आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती आजोबांकडे बघत होती आणि आजोबा ताटाकडे. मी माझ्याकडेच बघत होतो म्हणायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात मी आणखी एक काम केलं. आमच्या मराठी मंडळासाठी ग्रहणाबद्दल एक सूचनापत्रक लिहिलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हटल्यावर लोक अपेक्षेनं बघतात. मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, खाली दोनदा रेघ ओढून: 'कोणत्याही परिस्थितीत चष्मा काढू नये.' चष्मा म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतली ती काळ्या फिल्मची भिंगं. मुलीनं ते वाचलं आणि म्हणाली, "डॅड, हे राँग आहे. पूर्ण झाकला की चष्मा काढायचा असते. तेव्हा सेफ असते."

"मी डोळ्यांचा डॉक्टर आहे," मी म्हणालो.

"आय नो. पण सायन्स टीचर म्हणाली."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढा वेळच उघड्या डोळ्यांनी बघता येतं, हे मी वाचलेलं होतं. पण आयुष्यभर लोकांना 'नको' सांगण्याचा पगार घेतला की 'आता चालेल' हे शब्द तोंडातून लवकर निघत नाहीत. पत्रक तसंच छापलं गेलं.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. बायकोला लायब्ररीतून सुट्टी मिळाली नाही, ती मागे राहिली. रस्ता सुतासारखा सरळ लागला, एकदाही चुकलो नाही, त्यामुळे मी फार खुशीत होतो. बी अँड बीच्या बाईंनी चहा दिला, स्कोन दिले. मी त्यांना विचारलं, इथून ग्रहण नीट दिसेल ना. त्या म्हणाल्या, "हो तर, डिअर. ऑलमोस्ट ऑल ऑफ इट. माझी बहीण मात्र खाली समुद्रावर टॉर्कीला जाते आहे. ती म्हणते, ऑलमोस्टसाठी कशाला थांबायचं."

मी हसलो. सासरे हसले नाहीत. ते म्हणाले, जरा पाठ टेकतो, आणि खोलीत गेले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मुलगी मला बागेत घेऊन गेली.

"डॅड, आपण चुकीच्या जागी आहे."

"म्हणजे?"

"लाईन इथून खाली जातो. साउथला. आपण बाहेर आहे. इथे अंधार होणारच नाही. आजोबानी मला मॅप दाखवली."

"कधी?"

"तू बुकिंग केला ना, तेव्हाच. टू वीक्स झाले."

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं?"

तिनं खांदे उडवले. "ते म्हणाले, डॉक्टरांना वाईट वाटेल. मला पण सांगू नको म्हणाले. प्रॉमिस केला होता मी." मग म्हणाली, "पण हे सिली आहे ना? ते तर इंडियाहून हेच बघायला आले."

मी घरात आलो आणि हॉलमधल्या फोनवरून बायकोला फोन लावला. तिनं माझी बाजू घ्यावी एवढीच माफक अपेक्षा होती. मी सगळं सांगून टाकलं.

"अहो," ती म्हणाली, "पंच्याण्णव साली काय झालं ते माहितीये तुम्हाला?"

"राहून गेलं म्हणाले होते."

"राहून नाही गेलं. आग्र्याकडचं रिझर्वेशन होतं हातात. दोघा मित्रांबरोबर जाणार होते. मग आपण दिवाळीला येतोय म्हणून कळवलं. जावई दिवाळीला घरी आणि सासरा गावाला, असं कसं चालेल? तिकीट रद्द केलं. मला आईनं सांगितलं, तेही कितीतरी उशिरा. कुणाला बोलू नकोस म्हणाली होती."

मला ती दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण होतं. कऱ्हाडला खंडग्रास.

"मी काय करत होतो तेव्हा?" मी विचारलं.

"झोपला होतात. जेट लॅग. अप्पांनी पडदा ओढून घेतला, तुमच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून. पडद्याला एक भोक होतं. त्यातून भिंतीवर सूर्याची कोर पडली होती, ती ते बघत बसले. तुम्ही घोरत होतात."

फोन ठेवल्यावर मी त्या हॉलमध्ये जरा उभा राहिलो. भिंतीवर बाईंच्या कुठल्याशा कुत्र्याचे चार फोटो होते. ते चारही मी नीट बघितले. माणसाला स्वतःची लाज वाटते तेव्हा दुसरं काहीतरी बारकाईनं बघावंसं वाटतं. आजवर मी समजत होतो की सासरे शांत स्वभावाचे आहेत. शांत नव्हते. ते माझा मान राखत होते, आणि त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल होत होती. मला मात्र कुणी काही मागितल्याचं कधी जाणवलंच नव्हतं. दिवाळीत मला अंघोळीला आधी पाणी, पंगतीत पहिलं ताट, वर नवा शर्ट. हे सगळं मी हसत हसत घेतलं होतं, आणि बाहेर मित्रांमध्ये 'आपण असल्या गोष्टी मानत नाही' असंही सांगत होतो.

मी त्यांच्या दारावर टकटक केली. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर नकाशा. मला बघताच तो घडी करायला लागले आणि उठायला लागले. दोन्ही कामं एकदम करायच्या नादात नकाशा खाली पडला.

"बसा हो अप्पा," मी म्हणालो. "मला कळलंय. आपण रेषेच्या बाहेर आहोत."

"पोरीनं सांगितलं." ते खाली बघत म्हणाले. "तिला ओरडू नका, डॉक्टर."

"ओरडत नाही. पण तुम्ही का नाही बोललात? नव्व्याण्णव टक्के म्हणजे खूप असं मला वाटलं."

त्यांच्यातला शिक्षक त्यांना आवरेना. "बाकी कशातही खूपच आहेत हो ते. पण उरलेला एक टक्का सूर्यसुद्धा दिवस चालू ठेवायला पुरतो. उजेड मंद होतो, गार वाटतं, आणि बास. किरीट, म्हणजे सूर्याभोवतीचं ते तेज, दिसत नाही. तारे नाहीत. मुलांना मी सांगायचो, इथे शंभरला पास. बाकी सगळे नापास." एवढं बोलून ते घाबरले. "म्हणजे तुम्हाला उद्देशून नाही."

"मलाच उद्देशून आहे," मी म्हणालो. "उद्या सहाला निघू. रस्ता तुम्ही सांगायचा. मी चुकलो तर लगेच बोलायचं. लंडनपर्यंत थांबायचं नाही."

ते हसले. कबूल मात्र काही केलं नाही.

सकाळी बाईंनी सँडविचेस बांधून दिली. सासरे पुढे, मांडीवर नकाशा, मुलगी मागे. पहिल्याच चौकात मी इंडिकेटर उजवीकडे दिला. ते घसा खाकरले. आणखी एकदा खाकरले. मी म्हणालो, "अप्पा, खाकरू नका, बोला."

"डावीकडे असेल का, बघा," ते म्हणाले.

"असेल का, की आहे?"

"आहे."

रस्ते रिकामे होते. पेपरवाल्यांनी माझ्यासारख्या इतक्या शहाण्यांना घाबरवलं होतं, की जे यायचे तेही घरी बसले. टॉर्कीच्या पुढे समुद्राच्या वर एक उघडी टेकडी आहे, तिथे आम्ही नऊच्या आत पोचलो. शंभरेक माणसं असतील. घडीच्या खुर्च्या, थर्मास, ब्लँकेटं, एक टोपीवाले गृहस्थ आपल्या कुत्र्यालाही काळा चष्मा लावायची खटपट करत होते. सगळं होतं, फक्त आकाश नव्हतं. वर ढगांची राखाडी गोधडी. मी सासऱ्यांकडे बघितलं नाही. ढग काही मी बुक केले नव्हते, पण त्या दिवशी मला त्यांचाही दोष माझ्याकडे आल्यासारखं वाटत होतं.

दहाच्या सुमारास गोधडी एका ठिकाणी विरली आणि सूर्य दिसला. उजवीकडून वर एक छोटासा घास घेतलेला. टेकडीवर सगळे 'ऊऽ' म्हणाले. मी ताबडतोब कामाला लागलो. "चष्मा लावा. नीट दाबून. बाजूनं उजेड येतोय का? डावा डोळा मिटू नका, उजवा मिटा." सासऱ्यांनी निमूटपणे सगळं केलं. पुढचा तासभर सूर्य येत होता, जात होता, आणि दर वेळी मी त्यांच्या नाकावरचा चष्मा तपासत होतो. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला विचारलं, ते आजारी आहेत का. मी म्हणालो, नाही, मी डॉक्टर आहे. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. कुणाबद्दल ते कळलं नाही.

अकरा वाजून गेले आणि उजेडाला काहीतरी झालं. संध्याकाळ होते तशी नाही. संध्याकाळी उजेड पिवळा होतो, सावल्या लांबतात. हा उजेड आहे तिथेच पातळ होत गेला. गवताचा हिरवा रंग धातूसारखा दिसायला लागला. मुलीच्या हाताकडे बघितलं तर तो जुन्या फोटोतल्यासारखा दिसत होता. वारा गार झाला. खाली कड्यावरचे सीगल एकेक करून येऊन बसले आणि त्यांची कटकट थांबली. ती थांबली तेव्हा कळलं की इतका वेळ ती चालू होती.

"पश्चिमेकडे बघा," सासरे हळूच म्हणाले.

समुद्राच्या टोकाला ढगांच्या पोटात शाई ओतल्यासारखं काळं उठलं होतं, आणि ते आमच्याकडे येत होतं. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला नाही. सावली येते हे मला वाक्य म्हणून माहीत होतं. ती अशी येते, आवाज न करता, आणि तिच्यापुढे समुद्र एकेका पट्ट्यानं विझत जातो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एक पाऊल मागे सरकलो. मोठा माणूस, वैद्यकीय पदवी असलेला, सावलीला भ्यालो.

मग ती आमच्यावरून गेली. खाली गावातले रस्त्यावरचे दिवे लागले. क्षितिजावर चारी बाजूंनी नारिंगी कडा, आणि मध्ये आम्ही अंधारात. वर ढग. जेमतेम मिनिटभराचा खेळ, त्यातली दहा-पंधरा सेकंदं गेली असतील. माझ्या मनात एकच विचार, की आता हे ढगातच संपणार आणि हा माणूस रिकाम्या हातानं कऱ्हाडला जाणार.

आणि ढग फाटला.

मला ते मुलीच्या तोंडून कळलं. ती "ओ" एवढंच म्हणाली. मी वळलो. सासऱ्यांनी चष्मा काढून गवतावर टाकला होता आणि मान वर करून, तो एक डोळा पूर्ण उघडून आकाशाकडे बघत होते. माझ्या डोक्यात जे काही पुस्तकी ज्ञान होतं ते डोक्यातच राहिलं. हाताला ते माहीत नव्हतं. हाताला फक्त एवढं माहीत होतं की हा शेवटचा डोळा आहे आणि तो सूर्यावर रोखलेला आहे. माझा हात गेला आणि मी त्यांच्या डोळ्यावर पंजा ठेवला.

"अप्पा, चष्मा!"

त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारला. हळू नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला बसेल तसा. "काढ हात," ते म्हणाले. "गाढवा, काढ तो हात."

मी हात काढला.

त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. त्यावर उजेड असा नव्हताच, चांदण्यासारखं काहीतरी फिकट होतं. तोंड थोडं उघडं. ओठ हलत होते. काहीतरी मोजत होते की म्हणत होते, मला कळलं नाही. त्या डोळ्यात मी रोज थेंब घातले होते, यंत्रांतून त्याच्या तळापर्यंत बघितलं होतं, त्याच्या शिरा मला तोंडपाठ होत्या. तो असा बघताना मी पहिल्यांदा बघितला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मला एकदम आठवलं, की आपणही बघायला हवं, आणि मी मान वर केली.

वर ठार काळं. काहीच नाही. मला वाटलं ढग पुन्हा मिटले. मी काळ्यात शोधत राहिलो. आणि मग त्या काळ्यात एक बारीक नारिंगी टोक पेटलं, लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, सीगल ओरडायला लागले.

"डॅड," मुलगी म्हणाली, "तू चष्मा लावून बघितला?"

लावला होता. मान वर करताना हातानं तो सवयीनं कपाळावरून डोळ्यांवर ओढला होता. माझ्याच पत्रकाचं पालन करणारा अख्ख्या टेकडीवरचा मी एकटा. कुत्र्यानंसुद्धा काढला होता.

उजेड परत आला. तो येताना कुणाला त्यात रस नव्हता. लोक ब्लँकेटं झटकायला लागले. सासरे खाली बसले, गवतावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, लागलं का हो?"

"नाही."

"मी काय बोललो ते... ते मनावर घेऊ नका. तोंडातून निघून गेलं."

"बरोबर बोललात," मी म्हणालो. "एकवीस वर्षं उशीर झाला, एवढंच."

मुलगी सँडविचेस घेऊन आली, आम्ही ती खाल्ली. ग्रहण पुरतं सुटायच्या आत चीज सँडविच खाल्लं म्हणून सासूबाई आम्हाला काय बोलल्या असत्या, यावर ते दोघं जरा हसले. तिनं त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसा दिसला?" ती सांगत होती तिला काय दिसलं: काळा गोल, पांढरे केस उडाल्यासारखे, बाजूला एक तारा. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही. जन्मभर हेच समजावून सांगितलेला माणूस, पण त्याला सांगायला लावणं आता मला बरं वाटेना.

परतीच्या वाटेवर मात्र पेपरवाल्यांचं एक भाकीत खरं झालं. न आलेले सगळे लोक परत निघाले असावेत, इतकी गर्दी होती. एक्सेटरच्या अलीकडे गाडी पाऊण तास जागची हलली नाही. मुलगी मागे झोपली. तेव्हा मी त्यांना म्हणालो, "पंच्याण्णवचं तुम्ही मला सांगायला हवं होतं. आम्ही दोन दिवसांनी आलो असतो."

ते खिडकीबाहेर बघत होते. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग पुढच्या वर्षी येऊ. तुमची सुट्टी, तुमचं हॉस्पिटल, ते मला ठाऊक होतं." मग म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना तेव्हाच बरं नव्हतं. लेक एकदा येऊन जावी असं वाटत होतं. तुम्ही आलात तर ती येणार. म्हणून तुमचा मान."

मी स्टीअरिंगवर हात ठेवून समोरच्या कॅराव्हॅनकडे बघत राहिलो. जावयाचा मान, जावयाचा मान म्हणून मी काल हॉलमध्ये उभं राहून एवढा ओशाळलो होतो. आता त्यातलाही बराचसा भाग माझा नव्हता असं दिसत होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्या दिवाळीनंतर सासूबाई आणि त्यांची लेक एकमेकींना फक्त एकदाच भेटल्या, तेही हॉस्पिटलात.

गाडी थोडी पुढे सरकली, पुन्हा थांबली. बघतो तर सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरला दुसरं काय सुचणार.

"अप्पा, डोळा दुखतोय का?"

"नाही."

"झोप आलीय?"

"नाही हो," ते म्हणाले. "बघतोय."

मी रेडिओ बंद केला.